कोळशाचें खत : कोंकणचा राब आणि लोह्याची पऱ्हाटी

[नभोवाणीवरील भाषण]



माळेगांवच्या खंडोबाची यात्रा आटोपली, तिच्या बाजारांत विकलीं गेलेलीं घोडीं आणि गाढवें नव्या धन्यांमागें आपापल्या वाटेनें निघून गेलीं, कीं आमच्या लोहा तालुक्यांत एक देखावा दरवर्षीं दिसूं लागतो. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते. शेतांत उरतात त्या वाळलेल्या, तपकिरी पऱ्हाट्या. त्या उपटून बांधाशीं त्यांचा ढीग रचतात, आणि सायंकाळीं वारा पडला म्हणजे त्याला काडी लावतात. पाहतां पाहतां ज्वाळा माणसाच्या डोक्यावर जाते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या जागीं पाहावें, तों चार घमेलीं पांढरी राख! जमिनीनें सात-आठ महिने पोसलेलें झाड घटकाभरांत आभाळांत निघून गेलेलें असतें.

या राखेकडे पाहून मला नेहमीं एक प्रश्न पडत आला आहे, व आज तोच आपणांपुढें मांडावयाचा आहे. झाड पुरतें जाळलें तर त्याची राख होते. पण तेंच झाड अर्धवट जळूं देऊन आग थांबविली तर कोळसा होतो. राख आणि कोळसा हीं एकाच आगीचीं दोन अपत्यें. यांपैकीं शेताच्या अधिक उपयोगी कोणतें? अलीकडे शास्त्रज्ञ शेतांत घालण्यासाठीं मुद्दाम केलेल्या कोळशाला ‘बायोचार’ म्हणतात, आणि भाताच्या शेतीसाठीं त्याची फार वाखाणणी चालली आहे. ही वाखाणणी कितपत खरी, आणि ती कोणत्या जमिनीला लागू, हें समजून घेण्यासारखें आहे.

आतां, लोह्याच्या माणसानें भाताविषयीं बोलावें, याचें कोणाला थोडें नवल वाटेल. आमचा मुलूख ज्वारीचा, तुरीचा, कापसाचा, अलीकडे सोयाबीनचा. भात आमच्याकडे पूर्वीं सणावारीं आणि पाहुण्यांच्या पंगतीला शिजे, व त्याचा तांदूळ बहुधा शेजारच्या तेलंगणांतून येई. लातुराकडून वाहत जाणाऱ्या मांजरा नदीवर १९३१ सालीं निजामसागर पुरा झाला आणि निजामाबादकडचा भाग भाताचें आगर बनला. आमच्या वाट्याला मात्र पावसाच्या भरंवशावरची काळी रानें राहिलीं. असें असलें तरी, आगीच्या साह्यानें जमीन सुधारण्याची विद्या महाराष्ट्रांत कोणीं पिढ्यान् पिढ्या जपली असेल, तर ती भात पिकविणाऱ्या कोंकणांतल्या व मावळांतल्या शेतकऱ्यानें. तेव्हां आधीं त्याच्याकडून धडा घ्यावयाचा, आणि मग आपल्या पऱ्हाटीकडे वळावयाचें, असा आजच्या भाषणाचा क्रम आहे.

प्रथम कोळसा म्हणजे काय तें पाहूं. चुलींत घातलेल्या दमट लांकडाकडे लक्ष देऊन पाहिलें, तर तीन गोष्टी एकामागून एक घडतांना दिसतात. आधीं लांकडांतलें पाणी फसफसून बाहेर येतें. मग धूर निघतो; हा धूर म्हणजे उष्णतेनें लांकडांतून सुटलेले जळाऊ वायु आणि डांबरासारखें द्रव्य. तो पेटला कीं ज्वाळा दिसते. ज्वाळा विझल्यावर जो लाल निखारा उरतो, तो बहुतांशीं निव्वळ कर्ब असतो. निखाऱ्याला हवा मिळत राहिली तर तोही जळून राख होतो; पण त्याच क्षणीं त्यावर पाणी ओतलें किंवा तो मातीनें झांकला, तर तो कोळसा म्हणून कायम राहतो. बायोचार तयार करण्याचें सारें शास्त्र या एका क्षणांत सांठविलेलें आहे. साधारण ३५० ते ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत, हवा अगदीं थोडी मिळेल अशा बेतानें, काटक्या, तूस वा धसकटें कोळपवावयाचीं, आणि राख होण्यापूर्वीं आग थांबवावयाची.

वाळलेल्या काटक्यांच्या वजनाचा साधारणपणें चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक कोळसा हातीं लागतो. वजन इतकें घटलें तरी झाडानें हवेंतून घेतलेल्या कर्बापैकीं दोन-पंचमांशापासून निम्म्यापर्यंत भाग त्यांत राहतो. उघड्या आगींत जवळजवळ सारा कर्ब उडून जातो, त्याच्याबरोबर नत्र जातें आणि बराचसा गंधकही जातो. राखेंत उरतात तीं मुख्यतः चुना, पालाश, सिलिका यांसारखीं खनिज द्रव्यें. पालापाचोळा मातींत कुजविला तर त्यांतला बहुतेक कर्ब थोड्याच वर्षांत पुन्हां हवेंत मिसळतो. कोळसा मात्र मातींतल्या जंतूंना सहजासहजीं पचत नाहीं. तो शेंकडों वर्षें टिकतो. प्राचीन वस्त्यांचें उत्खनन करणाऱ्यांना हजारों वर्षांपूर्वींच्या चुलींतले कोळसे आजही सांपडतात, यावरून त्याच्या टिकाऊपणाची कल्पना यावी.

या टिकाऊपणाचें जगांतलें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्राझील देशांत आहे. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतली जमीन बहुतेक ठिकाणीं तांबूस-पिवळी, पावसानें धुतली जाऊन निकस झालेली. पण तिच्यामध्यें जागोजाग काळ्याभोर मातीचे तुकडे आढळतात. पोर्तुगीज भाषेंत त्यांना ‘टेरा प्रेटा’ म्हणजे ‘काळी माती’ असेंच म्हणतात. ही माती तेथल्या प्राचीन वस्त्यांतील चुलींचा कोळसा, माशांचीं व जनावरांचीं हाडें, मडक्यांचीं खापरें आणि मलमूत्र यांपासून शतकानुशतकें बनत गेली, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. डच मृत्तिकाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनीं १९६६ सालीं ॲमेझॉनच्या मातींवर लिहिलेल्या ग्रंथानें तिच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि बायोचारच्या कल्पनेला पुढें तिच्याच अभ्यासांतून बळ मिळालें. येथें एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. आमच्या मराठवाड्याची काळी माती काळी आहे ती कोळशामुळें नव्हे. ती बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण झिजून झालेली चिकण माती आहे. नांव एक, पण कुळी निराळी. आणि हा भेद पुढें आपल्या कामीं येणार आहे.

आतां कोंकणाकडे वळूं. ठाणें, रायगड, रत्नागिरी येथें आणि घाटमाथ्यावरच्या मावळांत भाताचें बीं सगळ्या खाचरांत पेरीत नाहींत. आधीं एका लहान तुकड्यावर रोपें तयार करावयाचीं, आणि पावसानें खाचरें भरलीं म्हणजे तीं उपटून लावावयाचीं. या रोपांना तरवा म्हणतात, व तीं जेथें वाढतात त्या तुकड्याला कोठें राब म्हणतात तर कोठें दाढ. एक एकर लावणीला सुमारें चार गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, म्हणजे क्षेत्राचा दहावा हिस्सा. उन्हाळ्यांत हा तुकडा भाजून काढावयाचा, ही राबाची पद्धत. त्याची मांडणी एखाद्या पाककृतीइतकी काटेकोर असते. खालीं शेणाचा थर. त्यावर ऐनासारख्या झाडांचा तोडून वाळविलेला टहाळ, ज्याला दक्षिण कोंकणांत कवळ म्हणतात. त्यावर पालापाचोळा आणि गवत. आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. मग वारा ज्या टोंकाकडे वाहत असेल त्या टोंकाला विस्तव लावावयाचा, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत रांगत मागें सरकते.

या मांडणींत किती विचार सांठविलेला आहे पाहा! वरच्या मातीमुळें आगीला हवा कमी मिळते. ढीग भडकून न जळतां धुमसत राहतो. त्यामुळें राखेबरोबर काळा कोळसाही मातींत मिसळतो. खालच्या मातीच्या वरच्या थराला ताव बसतो, त्यानें तणाचें बीं आणि किडे मरतात. पहिला पाऊस पडून भात पेरलें म्हणजे कोंवळ्या रोपांना तणाशीं झगडावें लागत नाहीं. खत घालणें, तण मारणें आणि माती भाजणें अशीं तीन कामें राब एकाच आगींत उरकून घेतो.

परंतु या राबाची एक मोठी किंमत होती, आणि ती जंगल देत असे. चार गुंठ्यांवर पसरावयाचा टहाळ चार गुंठ्यांत उगवत नाहीं. त्यासाठीं कितीतरी मोठ्या रानांतलीं झाडें दरवर्षीं छाटावीं लागतात. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणें-कुलाब्याकडचीं रानें सरकार राखीव करूं लागलें, तेव्हां राबासाठीं टहाळ तोडण्याचा हक्क हा शेतकरी आणि जंगल खातें यांच्यामधला मोठा तंटा होऊन बसला. जंगल खात्याचें म्हणणें, राबामुळें डोंगर उघडे पडत आहेत. शेतकऱ्यांचें म्हणणें, राबाशिवाय भात नाहीं. १८८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या जंगल कमिशनपुढें हें गाऱ्हाणें आलें, आणि कमिशनचा अहवाल १८८७ सालीं निघाला. दोन्ही पक्षांचें म्हणणें आपापल्या परीनें खरेंच होतें. डोंगर बोडका झाला तर पावसाबरोबर माती वाहून खाचर बुजतें. आणि रोप खुरटलें तर खाचर असून उपयोग नाहीं. एकाच्या शेताची सुपीकता दुसऱ्या जागेवरून उसनी आणलेली असली, कीं असा तंटा कधीं तरी उद्भवतोच.

अशा वेळीं कोणी तरी मूळ प्रश्न विचारावयास हवा होता: राबानें फायदा होतो तो नेमका कशानें? पुण्याच्या शेतकी कॉलेजांतले डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह याचा अभ्यास केला, आणि तो १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. फायदा केवळ राखेचा असता, तर राख आणून पसरली कीं काम भागलें असतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. मातीला जो ताव बसतो त्याचाही या फायद्यांत वाटा असतो, असें त्यांच्या अभ्यासांतून पुढें आलें. अडाणीपणाचा म्हणून हिणविल्या गेलेल्या एका रिवाजाची अशी कसोशीनें तपासणी व्हावी, हें त्या काळीं लहानसहान काम नव्हतें.

राबाचा गुण ठेवावा आणि जंगलाची हानि टाळावी, यासाठीं पुढच्या पिढ्यांनीं दोन वाटा काढल्या. पहिली गादीवाफ्याची: जमिनीपेक्षां उंच वाफा करून त्यांत कुजलेलें शेणखत घालावयाचें, जाळावयाचें कांहींच नाहीं. दुसरी वाट डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री भातशेती’ची. तिचीं चार सूत्रें अशीं: भाताच्याच तुसाची व पेंढ्याची शेताला परतफेड, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठराविक अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या मातींत खोल खोंचणें. आपल्या विषयाशीं संबंध आहे तो पहिल्या सूत्राचा. गिरणींतून निघालेलें तूस धुमसवून त्याची काळसर राख करावयाची, आणि ती रोपवाटिकेंत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणांत मिसळावयाची. येथें ‘काळसर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राख काळी दिसते ती तींत कोळसा राहिल्यामुळें. म्हणजे आज ज्याचा बायोचार म्हणून गौरव होतो, त्याचा एक घरगुती प्रकार आमच्या भातकऱ्याच्या हातीं या वाटेनें आलेला आहे, आणि त्यासाठीं एकाही झाडावर कोयता चालवावा लागत नाहीं. जपानांतही तूस धुमसवून केलेला कोळसा रोपांच्या वाफ्यांत घालण्याची चाल जुनी आहे. तिकडे त्याला ‘कुंतान’ म्हणतात. त्या देशानें कोळशाला जमीन सुधारणारें द्रव्य म्हणून कायद्यानें मान्यताही दिली.

साळीच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस असतें. त्यामुळें भंडारा-गोंदियाकडच्या भाताच्या गिरण्यांपाशीं त्याचे डोंगर साचतात. या तुसांत सिलिका विपुल असते. भात हें सिलिका भरपूर शोषून घेणारें पीक. तिच्यामुळें पात ताठ राहतें, ताट कणखर होतें आणि किडीला तें सहजीं पोखरतां येत नाहीं. पिकानें घेतलेलें पिकालाच परत द्यावें, हा व्यवहार येथें अक्षरशः पाळला जातो.

मग कोळसा मातींत नेमकें काय काम करतो? तो स्वतः पिकाला अन्न फारसें देत नाहीं; अन्न सांभाळून ठेवण्याचें काम तो करतो. भिंगाखालीं त्याचा तुकडा मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो. चांगल्या तापविलेल्या एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचा आंतला पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहूनही अधिक भरूं शकतो. शहरांतल्या एका ऐसपैस बिऱ्हाडाची जागा चिमूटभर भुकटींत मावावी, तसा हा प्रकार! या पृष्ठभागाला अमोनिया, पालाश, चुना यांसारखीं द्रव्यें धरून राहतात. छिद्रांत पाणी टिकतें. उपयोगी जंतूंना आसरा मिळतो. दुसरी गोष्ट अशी कीं, कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. कोंकणांत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि कित्येक ठिकाणीं त्याहून अधिक पाऊस पडतो. तो जांभ्याच्या जमिनींतला चुना व इतर क्षार धुऊन नेतो, आणि जमीन आम्ल होते. अशा जमिनींत कोळसा आम्लता कमी करतो, अडकून पडलेलें स्फुरद कांहीं अंशीं मोकळें करतो, आणि वाहून जाणारें खत धरून ठेवतो. जिच्या पदरांत कांहीं टिकत नाहीं, त्या जमिनीच्या पदराला तो जणूं गांठ मारतो.

तर मग जिकडेतिकडे कोळसा पसरावा काय? येथें थोडें थांबलें पाहिजे. २०१७ सालीं जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां उष्ण कटिबंधांत कोळशामुळें पिकांत सरासरी सुमारें २५ टक्के वाढ आढळली. समशीतोष्ण प्रदेशांत मात्र सरासरीनें कांहींच फायदा दिसला नाहीं. उष्ण कटिबंधांतल्या पुष्कळ जमिनी आम्ल व निकस, आणि तिकडच्या जमिनी आधींच चुन्या-खतानें पोसलेल्या, हें त्याचें मुख्य कारण. उत्तर लाओसमधल्या डोंगरी भातावरचा, २००९ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. जेथें जमिनींत स्फुरद कमी होतें, तेथें कोळशानें भाताचें उत्पन्न वाढलें. पण कोळसा घातल्यावर पानांचा हिरवेपणा घटलेलाही तेथें दिसला. आणि नत्राची वानवा असलेल्या जमिनींत वरून नत्र न देतां नुसता कोळसा घातला, तर उत्पन्न उलट कमी होईल, असा इशारा त्या संशोधकांनीं दिला. हें तर्काला धरूनच आहे. उपाशी माणसाला मोठें पण रिकामें भांडें दिल्यानें त्याची भूक भागत नाहीं. पाणी सांचलेल्या खाचरांतून मिथेन वायु बाहेर पडतो, त्यावर कोळशाचा होणारा परिणामही सर्वत्र सारखा आढळलेला नाहीं. कोठें तो वायु घटला, तर कोठें वाढला.

आतां परत लोह्याला येऊं. आमची जमीन कोंकणच्या अगदीं उलट. पाऊस आठ-नऊशें मिलिमीटर. माती चिकण, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी व पालाश धरण्याचा गुण तिच्यांत मुळांतच आहे. तिला वाण आहे ती सेंद्रिय कर्बाची आणि नत्राची. अशा जमिनीला अल्कधर्मी कोळशाचा फायदा कोंकणाइतकाच होईल, अशी आशा धरणें शहाणपणाचें नाहीं. झालाच तर फायदा माती मोकळी होण्याचा आणि खताचा कस टिकण्याचा.

हें मी केवळ पुस्तकांतून सांगत नाहीं. एका वर्षीं मीं हौसेनें पऱ्हाट्यांचा कोळसा केला आणि तो तसाच, कोरडा, परसांतल्या मेथीच्या एका वाफ्यांत भरपूर मिसळला. शेजारचा वाफा नेहमींप्रमाणें ठेवला. पंधरा-वीस दिवसांत कोळशाच्या वाफ्यांतली मेथी पिवळी पडली, आणि शेजारची हिरवीगार! शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांनीं तें पाहून विचारलें, “मास्तर, मेथीला दिष्ट लागली का वो?” दृष्ट कसली, माझी घाई नडली होती. कोऱ्या कोळशानें वाफ्यांतलें थोडेंसें नत्र आपल्याकडे ओढून घेतलें, आणि रोपें उपाशी राहिलीं. पुढच्या खेपेस तसाच कोळसा शेणकाला व गोमूत्र यांत तीन आठवडे भिजत ठेवला, मग शेणखतांत कालवून घातला. तेव्हां मेथी रुसली नाहीं. कोळसा मातींत घालण्यापूर्वीं त्याचें पोट भरावें, हा धडा मला त्या पिवळ्या वाफ्यानें दिला.

त्याच वृद्धांनीं पुढें दुसरा एक प्रश्न विचारला, आणि त्याचें पुरतें उत्तर मला अजून देतां आलेलें नाहीं. ते म्हणाले, “पऱ्हाटी रानात पुरली, तर चुलीत काय घालावं?” शहरांतल्या श्रोत्यांनीं या प्रश्नाचें वजन ओळखावें. पऱ्हाटी आणि तुराटी हा आमच्याकडे नुसता कचरा नाहीं. तें गरिबाचें जळण आहे. मजुरीला गेलेल्या बाया संध्याकाळीं परततांना डोक्यावर पऱ्हाट्यांची मोळी घेऊन येतात. कुडाच्या भिंती तुराट्यांच्याच होतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळें पुष्कळ घरांत गॅसच्या शेगड्या आल्या, तरी न्हाणीचें पाणी तापविण्यासाठीं आणि भाकरीसाठीं चूल अजून पेटते. तेव्हां कोळसा करावयाचा तो बांधावर व्यर्थ जाळल्या जाणाऱ्या ढिगाचा. कोणाच्या मोळींतून हिसकावून घेतलेल्या जळणाचा नव्हे. एकाच्या शेताची सुपीकता दुसऱ्याच्या पदरांतून काढली तर काय होतें, हें राबाच्या तंट्यानें आपणांला शिकविलेंच आहे.

असे व्यर्थ जळणारे ढीग मात्र आहेत, आणि शेतकरी ते आळसानें जाळतो असें नव्हे. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून राहते. २०१७ च्या हंगामांत तिनें महाराष्ट्रांतल्या कापसाची जी दैना केली, ती शेतकरी विसरलेला नाहीं. वेचणी संपतांच पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावा, असा सल्ला शेतीखातें देतें, तो याच कारणानें. विल्हेवाट लावणें भागच असेल, तर ती राखेच्या ऐवजीं कोळशाच्या रूपानें लावावी, एवढेंच माझें सांगणें आहे.

आतां थोडा हिशेब करूं. एक एकर कोरडवाहू कापसाची वाळलेली पऱ्हाटी आठ क्विंटल धरूं. तिचा कोळसा झाला दोन क्विंटल. प्रयोगांत एकरीं वीस-चाळीस क्विंटल कोळसा घातलेला असतो! म्हणजे एका एकराला पुरेल एवढा कोळसा त्याच एकराच्या पऱ्हाटींतून जमवावयाचा, तर दहा ते वीस वर्षें लागतील. येथें राब आपल्या मदतीला येतो. कोंकणांतल्या शेतकऱ्यानें सगळें खाचर कधीं भाजलें नाहीं. जें थोडें हातांत आहे तें दहाव्या हिश्श्यावर, रोपाच्या कोंवळ्या वयांत, एकवटावयाचें, हें राबाचें खरें मर्म आहे. आपले दोन क्विंटल चार गुंठ्यांवर पसरले, तर दर चौरस मीटरला सुमारें अर्धा किलो पडतो. आणि चारसूत्रीनें सांगितलेलें प्रमाण तेथूनच सुरू होतें! भात नसलेल्या आमच्या गांवांत हे चार गुंठे कोणते, असें कोणी विचारील. मिरची-वांग्यांच्या रोपांचे वाफे, हळदीचा एखादा तुकडा, आंब्या-सीताफळांच्या लावणीचे खड्डे, हे ते चार गुंठे. तेथेंही पहिल्या वर्षीं एकच वाफा कोळशाचा करावा आणि दुसरा तसाच ठेवावा. दोहोंत फरक काय पडतो तें डोळ्यांनीं पाहून मग पुढचें पाऊल टाकावें.

कोळसा करण्याची रीत सोपी आहे. वरच्या तोंडाशीं चार-पांच फूट रुंद, तीनेक फूट खोल आणि तळाशीं निमुळता होत गेलेला खड्डा घ्यावा. तळाशीं विस्तव करून वर वाळलेल्या पऱ्हाट्यांचा पातळ थर टाकावा. त्यावर पांढऱ्या राखेची झांक दिसूं लागली कीं दुसरा थर टाकावा, मग तिसरा. वरची ज्वाळा हवा स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळें खालचा कोळसा जळून जात नाहीं. आणि खालून येणारा धूरही त्या ज्वाळेंत बराचसा जळतो. खड्डा भरला म्हणजे पाणी ओतून किंवा माती लोटून आग पूर्ण विझवावी. माघ-फाल्गुनांत आमच्याकडे पाणी जपून वापरावें लागतें, म्हणून माती लोटणें बरें. मात्र मग खड्डा घाईनें उघडूं नये, नाहीं तर निखारे पुन्हां जागे होतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनें तेलाच्या पिंपापासून करतां येणारी एक साधी भट्टीही तयार केली आहे. कोळसा कुटतांना तो ओला ठेवावा. कोरडी भुकटी, विशेषतः तुसाची, छातींत जाणें चांगलें नव्हे.

शहरांतल्या घरांनीं यांतून काय घ्यावें? गच्चीवरच्या कुंडींत शेणखतांत मुरलेला मूठभर कोळसा घालून पाहण्यासारखा आहे, हें तर झालेंच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हिंवाळ्याच्या तोंडाशीं पंजाब-हरियाणांत जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा धूर दिल्लीवर पसरल्याची वार्ता आपण वाचतां, आणि शेतकऱ्याला दोष देतां. भात कापून गहूं पेरण्यास त्याच्या हातीं किती थोडे दिवस असतात, पेंढा गोळा करण्याची मजुरी त्याला परवडते कीं नाहीं, हेंही त्याबरोबर विचारावें. कोळसा करण्यास काडी लावण्याहून अधिक वेळ लागतो, अधिक हात लागतात. आणि त्याचें फळ एका हंगामांत पदरांत पडत नाहीं. कर्ब मातींत टिकल्याचा लाभ साऱ्या जगाला होतो. खड्ड्याशीं उभें राहून घाम मात्र एकट्या शेतकऱ्यानें गाळावयाचा. त्याच्या या श्रमाची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. त्याच्या घामाचा तांदूळ आणि कापूस वापरणाऱ्या आपणां सर्वांचा आहे.

राख कीं कोळसा, या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर तेव्हां असें आहे: आम्ल आणि पावसानें धुतल्या जाणाऱ्या भाताच्या जमिनीला कोळसा निश्चित अधिक उपयोगी, आमच्या काळ्या रानाला तो बेतानें, शेणखताच्या संगतीनें आणि थोड्याच जागीं. पुढच्या वर्षीं माळेगांवची यात्रा आटोपल्यावर आमच्या शिवारांत पुन्हां पऱ्हाट्यांचे ढीग लागतील. गरजूंच्या मोळ्या आधीं बांधल्या जाव्यात, आणि त्यांतूनही जें उरेल, त्याची सकाळीं चार घमेलीं राख न होतां चार पोतीं कोळसा व्हावा, एवढी इच्छा प्रकट करून आपली रजा घेतों.